समुद्राचे उष्णतामान आणि खोलीचा आकडा

जहाजावरून समुद्राचे उष्णतामान नोंदविताना खोली प्रत्यक्ष मोजलेली असतेच असे नाही. १९६०च्या दशकात प्रचारात आलेला एक्स्पेंडेबल बाथिथर्मोग्राफ चालत्या जहाजावरून सोडला जातो. उष्णतामान तांब्याच्या बारीक तारेवाटे कळते. खोली मात्र पतनास लागलेल्या वेळावरून सूत्राने काढावी लागते. उपकरण सूत्रापेक्षा सावकाश उतरल्यास वरच्या उबदार पाण्याचे उष्णतामान अधिक खोलीच्या खाती जमा होते व समुद्र आहे त्याहून उष्ण भासतो. २००७ साली गुरेत्स्की व कोल्टरमान यांनी या नोंदी सरासरीने प्रत्यक्षाहून उष्ण असल्याचे दाखविले. पतनवेगाच्या व उष्णतामानाच्या दुरुस्त्या केल्यावर १९७०च्या दशकात दिसणारा समुद्राच्या उष्णतासंचयाचा उंचवटा बहुतांशी मावळला. यास्तव समुद्र किती तापला हे ठरविण्यापूर्वी प्रत्येक नोंदीचे उपकरण कोणते होते, हे जाणून घेणे अगत्याचे होय.