सीपॅपचा मास्क आणि आपली उशी

स्लीप ॲप्नियाचे निदान झाले, रात्रभराची निद्राचाचणी झाली, डॉक्टरांच्या सल्ल्याने सीपॅप यंत्रही घरी आले. आणि महिनाभरातच ते कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले. आपल्या परिचयातील एखाद्या घरी तरी असे घडलेले असते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते : मास्क गालात रुततो, कुशीवर वळले की हवा सुटते, त्या आवाजाने घरातल्यांची झोप मोडते. अशा वेळी यंत्राला बोल लावण्याआधी उशीकडे पाहावे, कारण तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते.

हा विकार साध्या घोरण्याइतका किरकोळ नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग पुनःपुन्हा बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदूला दचकून जागे व्हावे लागते. दिवसा पेढीवर बसल्या बसल्या येणारी डुलकी, सकाळची डोकेदुखी, आटोक्यात न येणारा रक्तदाब ही त्याची चिन्हे होत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार दिवसा झोपाळूपणा आणणारा स्लीप ॲप्निया सुमारे ७.५ टक्के पुरुषांत आढळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे जुहू येथील रुग्णालयात निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

यावरील सीपॅपचा उपाय ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडला. यंत्र मास्कमधून हवेचा सौम्य दाब सतत देते आणि श्वासमार्ग उघडा ठेवते. हा दाब टिकण्यासाठी मास्कची कड चेहऱ्यावर नीट बसलेली हवी. मोठ्या, फुगीर उशीत गाल बुडाला की ती मास्कला बाजूला ढकलते आणि फटीतून हवा निसटते. मग आपण पट्टे आवळतो, त्वचेवर वळ उठतात आणि गळती तरीही थांबत नाही. गळतीमुळे तोंड व घसा कोरडा पडतो. चौविहार पाळणाऱ्यांना रात्री घोटभर पाणीही घेता येत नाही. त्यांच्यासाठी तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे.

उशी निवडताना प्रथम आपण कसे झोपतो हे पाहावे. उताणे झोपणाऱ्यांनी उशी बेताची घ्यावी. उंच उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासमार्ग आणखी अरुंद होतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी भिंतीला खांदा टेकवून सरळ उभे राहावे आणि भिंतीपासून कानापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. डोके ठेवल्यावर दबलेल्या उशीची उंची साधारण तेवढी असावी. गादी मऊ असेल तर खांदा आत जातो, म्हणून थोडी कमी. पालथे झोपण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

त्यानंतर आकार. सीपॅपसाठी मिळणाऱ्या खास उशांना दोन्ही बाजूंस खाचा असतात. मास्क त्या खाचेत मोकळा राहतो. नाक व तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क वापरणाऱ्यांना त्यांचा विशेष उपयोग होतो. मास्क केवळ नाकपुड्यांशी बसणारा असेल, तर साधी अरुंद उशीही पुरते. तिच्या कडेवर गाल टेकवावा आणि मास्क कडेबाहेर राहू द्यावा.

आता भरणाचा विचार. पिसांची उशी आपल्या घरांत नकोच. मेमरी फोम आकार धरून ठेवतो, परंतु उष्णताही धरतो. मुंबईच्या दमट हवेत घामाने मास्क घसरतो, म्हणून फोम घ्यायचाच तर हवा खेळणारा घ्यावा. सावरीचा किंवा साधा कापूस हाताने दाबून हवा तिथे खळगा करता येतो. मात्र तो कालांतराने बसतो व गोळे होतात, तेव्हा पिंजून घ्यावा लागतो. जवळच्या गादीवाल्याकडून कमी कापूस भरलेली, बेताच्या रुंदीची उशी करवून घेणे हाही एक सोपा मार्ग आहे. अभ्रा गुळगुळीत असेल तर मास्क अडकत नाही. रेशीम वर्ज्य असल्यास सुती सॅटिनचा अभ्रा तेच काम करतो.

महाग उशी घेण्याआधी घरच्या उशीवर प्रयोग करावा, कारण पारख करूनच माल घेणे ही आपली जुनी रीत आहे. थोडे भरण काढून किंवा उशीखाली टॉवेलची घडी ठेवून उंची बदलून पाहावी. मास्कचे पट्टे बसून नव्हे, तर यंत्र चालू करून झोपलेल्या स्थितीत बेतावेत. नळी डोक्याच्या वरच्या बाजूने न्यावी, म्हणजे कूस बदलताना ती मास्क ओढणार नाही. रात्री चेहऱ्याला तेल वा क्रीम लावू नये. त्याने मास्कची पकड सुटते. आजची बहुतेक यंत्रे वापराचे तास व गळती यांची नोंद ठेवतात. एक उशी सलग ७ रात्री वापरून हा हिशेब तपासावा. रात्री किमान ४ तास आणि १० पैकी ७ रात्री वापर, हे नियमिततेचे सर्वमान्य किमान माप आहे. झोपेचा सर्व वेळ यंत्र चालणे अर्थातच उत्तम.

एवढे करूनही गळती राहिली, तर मास्कचा आकार वा प्रकार चुकला असण्याची शक्यता आहे. तोंड उघडे राहत असल्यानेही हवा जाते. अशा वेळी दाब स्वतःहून बदलू नये. डॉक्टरांना यंत्राची नोंद दाखवावी. आणि घरात कुणाचे यंत्र फळीवर पडून असेल, तर घरातल्यांनी या आठवड्यातच ते खाली काढून एका योग्य उशीसह पुन्हा सुरू करून द्यावे.