शासन निर्णय शेवटून वाचायचा

जुलै संपत आला की समाजकार्य महाविद्यालयांची पत्रं येऊ लागतात. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी पाठवत आहोत, सहकार्य करावं. आमची संस्था ज्येष्ठांच्या धोरणावर काम करते. म्हणजे आमचा वृद्धाश्रम नाही की विरंगुळा केंद्रही नाही. दोन खोल्या, कपाटं, माहिती अधिकारात आलेल्या उत्तरांचे गठ्ठे, एवढाच पसारा. हे महाविद्यालयाला आधीच कळवलेलं असतं, तरी पोरं येतात ती आजी-आजोबांशी गप्पा मारायच्या तयारीनं.

यंदाच्या मुलीनं आल्या आल्या विचारलं, "मॅडम, क्लायंट कुठे बसतात?"

"तहसील कचेरीत. जिन्याखाली, सकाळी दहापासून. पण तिकडे नंतर जायचं."

आधी वाचन. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं काम तेच देते. ज्येष्ठांसाठीचे कायदे आणि योजना समोर ठेवायच्या आणि माणूस कितव्या वर्षी ज्येष्ठ होतो, त्याचा तक्ता करायचा. काम पोरखेळाचं वाटतं, पण तक्ता भरत जातो तसा चेहरा बदलतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात वय 60. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनाला 65. उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 70 ला. एसटीचा मोफत प्रवास 75 ला, त्याआधी 65 पासून अर्धं तिकीट. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 200 चे 500 रुपये व्हायला 80 गाठावी लागते. रेल्वेच्या सवलतीत बायकांचं म्हातारपण 58 लाच सुरू व्हायचं, पण ती सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. म्हणजे 64 वर्षांचा शेतमजूर मुलांकडून पोटगी मागायला प्रांताकडे गेला तर ज्येष्ठ, आणि तिथून तहसीलला पेन्शनचा अर्ज घेऊन गेला तर "बाबा, अजून वर्ष आहे."

तक्त्याखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'हे वय ठरवतं कोण?' तिथून खरं क्षेत्रकार्य सुरू झालं, असं मी धरते. महाविद्यालय काय धरतं ते वेगळं.

दुसरं काम शासन निर्णय वाचण्याचं. पोरं जी.आर. पहिल्या ओळीपासून वाचतात आणि प्रस्तावनेतल्या जिव्हाळ्यानं भारावून जातात. मी सांगते, शेवटून वाच. कुणाकुणाला प्रती गेल्या ते बघ. वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आहे का, ते शोध. 'हा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा' असं वाक्य सापडलं तर त्या कागदामागे पैसा आहे. नसेल तर तो सदिच्छेचा कागद. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाच्या 2013 आणि 2018 च्या शासन निर्णयांना तिनं हीच चाळणी लावली. कुठल्या विभागानं काय करायचं ते वाचून झालं, की शेजारी 'पैसा कुठून?' असा रकाना. तो बहुतेक कोराच राहिला. मग त्या विभागांनी पुढे वेगळे आदेश काढले का, ते हुडकायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण सरकारचं धोरण आहे या बातमीवर खूश होऊन सत्कार करणारे कार्यकर्ते मी पुष्कळ पाहिलेत.

एवढं झाल्यावर तहसील. श्रावणबाळचेही अर्ज जिथे घेतात, त्या संजय गांधी योजनेच्या टेबलाशी तिला नुसतं बसायला सांगितलं. प्रश्न विचारायचे नाहीत, कुणाला मदत करायची नाही, कुठला कागद कुठे अडतो तेवढं टिपायचं. मदत न करता बसणं तिला फार जड गेलं, आणि पहिल्याच दुपारी तिनं एका आजींचा अर्ज लिहून दिला. मी काही बोलले नाही.

तिच्या टिपणांतलं सगळ्यात मोलाचं मला वाटलं ते उत्पन्नाच्या दाखल्याबद्दलचं. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं 21,000 रुपयांवर थांबलेली. म्हणजे महिन्याला 1,750. पेन्शन 2023 मध्ये 1,000 वरून 1,500 झाली, वर्षाचे 18,000. मर्यादा आणि मदत यांत जेमतेम 3,000 चं अंतर. घरात एक माणूस काही महिने मजुरीला गेला तरी खरं उत्पन्न मर्यादेच्या बाहेर. त्यामुळे रांगेतल्या दाखल्यांवर 18,000, 20,000, 21,000 हेच आकडे. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, तपासणाऱ्यालाही ठाऊक. "हे सगळे खोटं बोलतायत का?" तिनं विचारलं. मर्यादाच अशी ठेवली की गरिबाला खोटं बोलल्याशिवाय गरीब ठरता येत नाही, असं माझं मत. हे मी तिला क्षेत्रकार्याच्या रेकॉर्डिंगमध्ये लिहू दिलं नाही. तिनं आकडे मांडावेत, मत वाचणाऱ्याचं होऊ द्यावं.

वयाच्या पुराव्याचीही तीच गत. आधारवर 1 जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी बहाल केलेली 1 जून. जिचं नाव कधी शाळेतच घातलं नाही तिला तीही नाही. झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमगत नाही, तो भाग आता सगळ्यांना पाठ आहे.

प्रांतांकडच्या निर्वाह न्यायाधिकरणात मी तिला एकदाच नेलं. अर्ज 90 दिवसांत, अपवाद म्हणून आणखी 30 दिवसांत निकाली निघावा, महिन्याला 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता, हे ती वाचून आली होती. तिथे तिला भेटलं बक्षीसपत्र. घर मुलाच्या नावे करून दिलेलं, दस्तात सांभाळ करण्याची अट मात्र कुठेच नाही. सांभाळ झाला नाही तर असं हस्तांतरण रद्द करू देणारं 2007 च्या कायद्याचं कलम 23 या अटीवर उभं आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अट असलीच पाहिजे असं धरलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू बघा म्हणत ज्येष्ठांच्या बाजूनं अर्थ लावला. तिनं दोन्ही निकाल शेजारी ठेवले आणि एक सूचना काढली: दुय्यम निबंधकानं नोंदणीच्या वेळी 60 वरच्या माणसाला विचारावं, सांभाळाची अट घालायची आहे का? एका छापील ओळीचं काम. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

या सगळ्यावरून सरकारला द्यायच्या निवेदनात तिनं दोनच मागण्या ठेवल्या, ही ओळ आणि उत्पन्नाची मर्यादा. माझी इच्छा होती, सगळ्या योजनांना एकच वय मागावं. ती नको म्हणाली. "मॅडम, एकच वय मागितलं तर ते 60 न करता 75 करतील." तिचं पटलं.

उत्तर ठरलेलंच आलं, 'आवश्यक त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित'. महाविद्यालयाच्या मूल्यमापनात 'लाभार्थी संख्या' असा रकाना आहे. तो मी रिकामा ठेवून शेजारी निवेदनाचा आवक क्रमांक लिहिला. ती तोवर दुसऱ्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावत होती. माहिती अधिकारात तिनं त्या निवेदनावर पडलेल्या टिपण्यांच्या प्रती मागितल्या आहेत.