स्पिटफायरची प्रतिकृती

परभणी जिल्ह्याचा लढाऊ विमानाशी संबंध तो काय, असे श्रोते विचारतील. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या देणगीमुळेच ब्रिटिश वायुदलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीस ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. १९४० साली ही तुकडी स्पिटफायर विमाने घेऊन इंग्लंडच्या आकाशात लढली.

त्या विमानाची प्रतिकृती जोडावयाची, तर बहात्तरास एक हे प्रमाण सोयीचे. सहा फुटी वैमानिक त्यात एक इंचाचा होतो, आणि सदतीस फुटांचा पंखविस्तार सहा इंचांहून किंचित अधिक भरतो. आरंभ वैमानिकाच्या बैठकीपासून करावा. धडाच्या दोन फाका एकदा चिकटल्या की आत कुंचला शिरत नाही. चिकटद्रव्य प्लॅस्टिक विरघळवूनच सांधा जोडते, म्हणून ते थेंबाथेंबानेच लावावे. वरच्या अंगास तपकिरी व हिरवा रंग द्यावा, पण त्यात थोडा पांढरा मिसळून. एवढ्याशा वस्तूवर अस्सल रंग फार गडद दिसतो. पुस्तकी शुद्धतेपेक्षा येथे डोळ्याचेच ऐकावे.

शेवटी धडावर ‘यूएम’ ही तुकडीची अक्षरे. तुकडीच्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण आहे. ज्या रयतेच्या शेतसाऱ्यावर ती श्रीमंती उभी होती, तिची खूण कोठेच नाही. ती विमानावर रंगविणे खोटे ठरेल. खालच्या लाकडी बैठकीवर मात्र ‘परभणी’ एवढी चार अक्षरे लिहिण्यास हरकत नसावी.