पडद्यावरून पेटीपर्यंत

शिक्षण सुटून वीस वर्षे लोटलेल्या शेतकऱ्यासाठी मधमाशीपालनाकडे वळणे म्हणजे तुटपुंजी बचत पणाला लावणे होय. पेट्या घेण्यापूर्वी व्यवसायाची ओळख घरबसल्या होऊ शकते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोशावर अभ्याससाहित्य विनामूल्य आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस संकेतस्थळावर रोजगाराची माहिती मिळते. मार्गदर्शकाने मात्र दुवे पाठवून थांबू नये. प्रौढ विद्यार्थ्यासोबत बसून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत : परिसरात फुलोरा केव्हा असतो, तो नसताना पेट्यांचे स्थलांतर झेपेल काय, आणि मध कोठे विकला जाईल? वसाहतीची हाताळणी पडद्यावर साधत नाही. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पेटी उघडून पाहावी. सातेरी की मेलिफेरा, हा निर्णय त्यानंतरच घ्यावा.