लाल वाइनचा तुरटपणा

इंद्रवेल्लीच्या रानात उन्हाळा लागला की मोहाची फुले पहाटे गळू लागतात. ती वाळवून, आंबवून जी दारू गाळतात ती पाण्यासारखी निर्मळ असते; कारण वाफेबरोबर मद्यार्क व वास तेवढा वर येतो, फुलांचा रंग आणि तुरटपणा भांड्यातच राहतो. द्राक्षांच्या वाइनचे तसे नाही. ती आंबवतात, परंतु भट्टीवर चढवीत नाहीत. फळातील बरेच काही पेल्यात उतरते, आणि म्हणूनच लाल वाइन प्रथम चाखणारा बहुधा तोंड वेडेवाकडे करतो.

त्याला ती कडू वाटते. वस्तुतः ती तुरट असते. आपल्या षड्रसांत कषायाला स्वतंत्र स्थान आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, तोच हा अनुभव. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा रंगहीन असतो. रंग असतो सालीत, आणि तुरट टॅनिन साल व बी या दोहोंत. रस सालीबियांसह काही दिवस आंबवला म्हणजे ती त्यात उतरतात. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा ओशटपणा जातो व जीभ आखडते. मटणाबरोबर तीच वाइन सौम्य लागते, त्याचेही कारण हेच.

फ्रान्समधील बोर्दोची शातो मार्गो ही द्राक्षवाडी १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत गणली गेली. तिथली बाटली टॅनिन मऊ व्हावे म्हणून रसिक वर्षानुवर्षे राखून ठेवतात. नाशिकला एवढी जुनी परंपरा नाही. गंगापूर धरणाजवळची सुला १९९९ सालची. पण तिथला पेच अधिक बिकट. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. उन्हाने साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, बी मात्र मागे राहते. केवळ साखर मोजून घड तोडले तर हिरव्या बियांचा ओबडधोबड तुरटपणा येतो. फार थांबावे तर वाइन मिळमिळीत होते. म्हणून जाणता बागाईतदार मणी तोंडात टाकून बी चावून पाहतो. ती तपकिरी व कुरकुरीत लागली की तोडणीस हरकत नाही.

चाखणाऱ्याने पेला पांढऱ्या कापडापुढे तिरपा धरावा. कडेला जांभळी झाक असल्यास वाइन कोवळी, विटकरी असल्यास मुरलेली. वास घेऊन लहानसा घोट तोंडभर फिरवावा. लाल वाइन खोलीच्या तापमानास प्यावी हा थंड देशातील नियम. आपल्याकडे बाटली थोडी गार करून १६ ते १८ अंशांवर आणणेच बरे. घोट गिळल्यावर तुरटपणा मखमलीसारखा विरला तर तो पिकल्या सालीचा, आणि हिरड्यांना घासत राहिला तर बागेत घाई झाली असावी.