ऑटोपायलट बिघडला, पण नेमके काय बिघडले?

दोन इंजिनांचे एक छोटे विमान सरळ उडत आहे. वैमानिकाने सुकाणू ऑटोपायलटच्या हवाली केले आहे. थोड्याच वेळात डावा पंख हळूच खाली जातो, सावरतो; मग उजवा खाली जातो. हे डोलणे काही थांबत नाही. वैमानिक आधी ऑटोपायलट बंद करून विमान हाती घेतो. डोलणे थांबले, तर संशय ऑटोपायलटवर. पण त्याच्या कोणत्या भागावर?

ऑटोपायलटचे तीन भाग मानता येतील. ज्ञानेंद्रिय विमानाचा कल सांगते, मेंदू हवा असलेला कल आणि प्रत्यक्ष कल यांतील फरक काढतो, आणि हात, म्हणजे एक छोटी मोटर, तारा ओढून पंखांच्या कडेच्या हलत्या फळ्या फिरवतो. कल बदलला की त्याची बातमी पुन्हा ज्ञानेंद्रियाकडून मेंदूकडे जाते.

कल मोजायला गवंड्याचा ओळंबा का चालत नाही? अकोल्याहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या एस.टी.त वरच्या दांडीला टांगलेली पिशवी पाहा. वळणावर ती बाहेरच्या बाजूला झुकते. विमान मात्र वळताना स्वतःच आतल्या बाजूला कलते. हा कल वेगाला व वळणाला साजेसा असला, तर टांगलेला ओळंबा विमानाच्या तळाशी काटकोनातच राहतो! ताशी १८० किलोमीटर वेग आणि सुमारे ४४० मीटर त्रिज्या असेल, तर कल ३० अंशांचा येतो. गणित करून पाहा. एवढे कलूनही कपातला चहा हिंदकळत नाही आणि डोळे मिटलेल्या प्रवाशाला पत्ता लागत नाही.

म्हणून जायरोस्कोप हवा. वेगाने फिरणारी चकती, भोवऱ्याप्रमाणे, आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी याने जायरोस्कोपच्या भरवशावर हात वर करून विमान उडवून दाखवले, तेही साथीदार पंखावर चालत असताना. जुन्या छोट्या विमानांत ही चकती हवेच्या झोताने फिरते. त्यासाठी लागणारा पंप इंजिनावर चालतो. पायपर सेनेका या जोड-इंजिनी विमानात प्रत्येक इंजिनावर असा एकेक पंप असतो. गोंदियाजवळच्या बिरसी येथे प्रशिक्षणासाठी आणलेल्या डायमंड डीए-४२ विमानांत चकतीऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक आले.

चकतीचे बेअरिंग झिजले, की आस ढळतो. ऑटोपायलट ती खोटी बातमी खरी मानून निमूटपणे विमान कलवतो. बिचाऱ्या मेंदूचा यात काही दोष नाही! हे ओळखायचे तर वळण-दर्शक आणि होकायंत्र पाहावे. त्यांचे कल-दर्शकाशी जमत नसेल, तर ज्ञानेंद्रियावर संशय घ्यावा. सगळी यंत्रे एकच सांगत असून विमान डोलत असेल, तर तारा तपासाव्यात. तार सैल असली की मोटर फिरूनही फळी उशिरा हलते. ती हलेपर्यंत दुरुस्ती प्रमाणाबाहेर गेलेली असते. मग उलट दुरुस्ती, तीही जास्त. हँडल सैल झालेली सायकल अशीच नागमोडी जाते.

ज्ञानेंद्रिय माणसालाही फसवते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण दगावले. विमान वैमानिकाच्याच हाती होते. त्याच्या समोरच्या कल-दर्शकात बिघाड झाला होता आणि खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. इतर यंत्रांवरून विमान वेळेत सावरता आले नाही.

जोड-इंजिनी विमानात आणखी एक पेच असतो. डावे इंजिन बंद पडले तर विमान डावीकडे वळू व कलू लागते. ऑटोपायलट मुकाट्याने फळ्या फिरवून पंख समतल ठेवतो आणि उंची राखण्यासाठी नाक वर करत जातो. इकडे वेग घटत असतो. अशा वेळी ऑटोपायलट बंद केला, तर त्याने अडवून धरलेला सारा कल एकदम उसळतो. म्हणून बटण दाबण्याआधी सुकाणू घट्ट धरावे लागते.