रान माजलेलें परस आणि नवशिका माळी

वाड्यांतील मुलें चार गांवीं नोकरीस पांगलीं, घरांतील वृद्धांचे गुडघे धरले, आणि विहिरीमागील परसाकडे दहाबारा पावसाळे कोणी फिरकलें नाहीं, म्हणजे त्याचें काय होतें हें घाटावरील कोणत्याही जुन्या गांवांत पाहावयास मिळतें. भिंतीशीं घाणेरीचें बन, मध्यें छातीएवढें गाजरगवत, आणि खालीं हरळी व लव्हाळा यांचें राज्य! मग कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सारें उपटून शहाबादी फरशी घालून टाका. दुसऱ्या पक्षांत बहुधा एखादी नवी सून किंवा नुकतेच निवृत्त झालेले काका असतात. त्यांना भाजीपाला लावण्याची हौस असते, परंतु कुंडींतील तुळशीपलीकडे त्यांनीं आजवर कांहीं लावलेलें नसतें.

आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहोंत. फरशी बसली कीं पावसाचें पाणी जमिनींत मुरण्याऐवजीं गटाराची वाट धरतें, आणि ती जागा पुन्हां उकरण्याची बुद्धि पुढें कोणास होत नाहीं. परंतु हा पक्ष पहिल्याच वर्षीं हरतो, आणि मग फरशीवाल्यांस आयतेंच निमित्त मिळतें. त्याच्या पराजयाचें कारण आळस नव्हे, उत्साह होय. सुटींत चार गडी लावून सगळें परस बोडकें करावयाचें, ज्येष्ठांत पाऊस पडावयाचा, आणि महिन्याच्या आंत तेंच रान दुप्पट जोमानें उभें राहावयाचें, हा क्रम ठरलेला आहे. सबब पहिल्या वर्षीं दोन खाटा मावतील एवढीच जागा हातीं घ्यावी. ती विहिरीच्या जवळ असावी आणि तेथें निदान सहा तास ऊन यावें. बाकीचें रान फुलावर येण्यापूर्वीं विळ्यानें कापीत राहावें. त्याहून अधिक त्याच्या नादीं लागूं नये.

गवत तेवढें सारखेंच, असें समजणें मात्र चुकीचें आहे. गाजरगवत आपल्याकडचें नव्हे. तें अमेरिका खंडांतून आलें आणि १९५० नंतरच्या दशकांत प्रथम पुण्यांत लोकांच्या नजरेस आलें. त्याचें एकेक झाड हजारों बिया टाकतें, म्हणून तें पांढरें फूल येण्यापूर्वींच मुळासकट उपटावें. हातमोजे मात्र अवश्य घालावे, कारण त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते आणि कित्येकांस दमा लागतो. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झाड म्हणून या देशांत आणली गेली. पाहुणीनें घर बळकावावें तसें तिनें पुढें डोंगर बळकावले. तिचा बुंधा खणून काढल्यावांचून ती मरत नाहीं.

खरा चिवट शत्रु म्हणजे लव्हाळा. त्याच्या गांठी जमिनींत माळेसारख्या ओंवलेल्या असतात. कुदळीनें ती माळ तुटली कीं आजवर निजलेल्या गांठीही जाग्या होऊन प्रत्येकीला कोंब फुटतो. म्हणजे नवशिका माळी जितक्या आवेशानें खणील, तितका लव्हाळा वाढावयाचा! त्याला दोनच गोष्टी सोसत नाहींत, कडक ऊन आणि दाट सावली. यास्तव वैशाखांत माती उलटून गांठी उन्हांत कोरड्याठाक होऊं द्याव्या, हातीं लागतील तितक्या वेंचाव्या, आणि पावसाच्या आरंभीं तेथें चवळी किंवा भोपळ्याचा वेल पसरूं द्यावा. तेवढ्यानें तो नाहींसा होत नाहीं, पण नमतें घेतो. हरळीची गोष्ट निराळी. ती गणपतीस दूर्वा म्हणून घरांत लागतेच. तिला एक कोपरा आंखून द्यावा व तेथून हलूं देऊं नये.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची. अशा रानांत घोणस व नाग वस्तीस असतात. पालापाचोळ्यांत किंवा विटांच्या ढिगांत हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवावें, पायांत बूट असावेत, आणि दिवस मावळल्यावर तिकडे जाऊं नये. दंश झालाच तर मंत्रतंत्रांत घटका न घालवितां रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें; प्रतिविष तेथेंच मिळतें.

सगळेंच रान वैरी नसतें. घरांतील आजीबाईंस आषाढांत एकदां परसांत आणून पाहावें. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा अशीं नांवें त्या भराभर घेतील, आणि पहिली भाजी पेरण्यापूर्वींच स्वयंपाकघरांत पोंचेल. ज्याची ओळख पक्की नाहीं तें मात्र शिजवूं नये.

पेरण्यास आरंभीं सोपें तेंच घ्यावें. न्हाणीच्या पाण्यावर अळूं लावावें. तें मरावयास तयारच होत नाहीं. भिंतीच्या कडेनें दोडका व पडवळ मांडवावर चढवावे, वाफ्यांत माठ व भेंडी. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें कांहीं खावयाचें नसतें. त्या दिवशीं बाजारांत भाजी महाग आणि तिच्याविषयीं खात्री नाहीं. खुरप्यानें पिकविलेली घरची भाजी असली म्हणजे फरशीचा पक्ष सुद्धां पानावर मुकाट्यानें बसतो. नवरात्रानंतर मेथी आणि कोथिंबीर. यांचें बीं डब्यांतलेंच चालतें. धणे मात्र वहाणेखालीं हलकेच रगडून दोन दळें करून पेरावे. तीनचार आठवड्यांत मेथी काढणीस येते, आणि नवशिक्याचा धीर टिकण्यास याहून लवकर येणारें दुसरें पीक आम्हांस ठाऊक नाहीं.

राहतां राहिलीं वांगीं. आषाढांत रोपें लावलीं तर आश्विनापासून फळें धरतात. पुष्कळ घरीं चातुर्मासांत वांगें वर्ज्य, आणि झाडाला पंचांग कळत नाहीं. तेव्हां पहिला तोडा शेजारीं पाठवावा लागतो. झाडांना शेणखत व पाणी मिळत राहिलें तर मार्गशीर्षांत चंपाषष्ठीच्या भरितापुरतीं वांगीं त्यांवर असतातच.